बाई की बाप्या

माणसाचं डोकं फिरवण्याच्या कामात माझ्या फिलिपिनो रूममेटचा हात धरील असा प्राणी अजून जन्माला यायचा आहे, हे मी आजही गुहागरच्या भर बाजारात उभं राहून सांगायला तयार आहे. तेलाच्या पैशावर सौदीवाल्यांनी सगळा देश एकदमच बांधायला काढला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. दम्मामच्या कॅम्पात एका खोलीत आम्ही दोघं. मी पाइप फिटर, तो वेल्डर. वेल्डर आपला पोटापुरता, मुळात स्वारी कथालेखक. मनिलाच्या साप्ताहिकांत त्याच्या गोष्टी छापून आल्या होत्या, आणि इकडेही वेल्डिंग रॉडची रिकामी खोकी फाडून त्यांच्या पुठ्ठ्यांवर तो आपल्या भाषेत गोष्टी लिहीत असे. हे साहित्य माझ्या पलंगाखाली इतकं साचलं की चपला ठेवायला जागा उरली नाही. मी ओरडलो की म्हणायचा, "माय फ्रेंड, चप्पल बाहेर राहते. गोष्ट बाहेर ठेवली तर उडून जाते."

त्याच्या भाषेत तो आणि ती हा भेदच नाही. दोघांत मिळून एकच शब्द. ठीक आहे, ज्याची त्याची भाषा. पण हा गृहस्थ इंग्रजी बोलतानाही 'ही' आणि 'शी' हाताला येईल ते उचलायचा. एकदा धापा टाकत आला आणि म्हणाला, "हेड ऑफिस इन्स्पेक्टर कमिंग. शी इज व्हेरी स्ट्रिक्ट." ज्या कॅम्पात कधी बाईचा आवाज ऐकू आला नाही, तिथे बाई येणार! सगळ्यांनी गुळगुळीत दाढ्या केल्या. स्टोअर सांभाळणारे दाऊदभाई, रत्नागिरीकडचे, वयाने आम्हा सगळ्यांत थोर, पण त्यांनीसुद्धा अत्तराची बाटली बाहेर काढली. गाडीतून उतरला तो गलमिशांचा धिप्पाड साहेब, आणि रांगेत घमघमत उभ्या असलेल्या फिटर-वेल्डरांकडे संशयाने बघत राहिला. खोलीत येऊन मी रूममेटला फैलावर घेतलं, तर तोच माझ्यावर उखडला. "मी स्ट्रिक्ट म्हणालो होतो. आहे की नाही स्ट्रिक्ट?"

शुक्रवारी सुट्टी. कपडे धुता धुता त्याने इंग्रजीत गोष्ट सांगायची आणि मी ती मराठीत करून आमच्या कोकणातल्या मंडळींना ऐकवायची, असा रिवाजच पडला होता. "आमच्याकडच्या हल्लीच्या गोष्टींत राजाराणी नसतात," तो ऐटीत सांगे. "एकजण परदेशी जातो, एकजण मागे राहतो. तेवढ्यात सगळं येतं." त्याची लाडकी गोष्ट वाट बघण्याची होती. बेटावरचा धक्का, वाळत घातलेली मासळी, आणि संध्याकाळच्या लाँचकडे डोळे लावून 'ही' बसलेला. पुढच्याच वाक्यात 'शी' बसलेली. आता मी बसला म्हणू की बसली? मंडळी खोळंबलेली. "अरे बाबा, बाई की बाप्या, एवढं सांग." तर हा साबणाचा हात झटकून म्हणे, "वाट बघायला त्याने काय फरक पडतो?" मी समजावलं की आमच्यात हे कळल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आमच्यात खुर्चीसुद्धा बाई असते आणि पंखा बाप्या. तो खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "तिने असं काय केलं?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी लाँचमधून कोण उतरतं विचारलं, तर म्हणे तेही अजून ठरलेलं नाही.

पण ही सगळी थट्टा झाली. खरा संताप पुढेच आहे. त्याला एकच ध्यास होता, जिझानला जायचं. "आसावा इन जिझान. ही इज नर्स. गुड नर्स." आसावा हा त्याचा कोणी जिवलग दोस्त असावा, असं आम्ही धरून चाललो होतो. दम्माम एका समुद्रावर, जिझान दुसऱ्या, मधे अख्खं वाळवंट, आणि कफीलच्या, म्हणजे आम्हाला कामाला आणणाऱ्या अरबी मालकाच्या, सहीचा कागद असल्याशिवाय प्रवासाची सोय नाही. ईद जवळ आली की तो ऑफिसात अर्ज करायला जाई. तिथला कारकून आपल्याच देशातला. तो याचं ऐकून कारणापुढे 'मित्राची भेट' असं लिही आणि अर्ज स्वतःच बाजूला सारी. "दोस्त को मिलने के वास्ते छुट्टी? इधर मेला लगा है क्या?" बिचारा परत येऊन पुठ्ठ्यांत तोंड खुपसून बसे. मी म्हणे, मित्रासाठी एवढं काय जिवाला लावून घेतोस? तेव्हा तो माझ्याकडे असा बघे, की हा माणूस आहे की दगड.

त्या काळी पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त फिरत. जिझानहून आलेल्या कुणाबरोबर आसावाची कॅसेट आली. टू-इन-वन फक्त दाऊदभाईंकडे, म्हणून ती त्यांच्या खोलीत लागली. बटण दाबलं आणि बाईचा आवाज सुरू झाला. अक्षर कळत नव्हतं, पण दाऊदभाईंची सुपारी तोंडातल्या तोंडात थांबली. "अरे, ही तर बायको हाय. माजी पन अशीच बोलते, मदी श्वास घ्यायला थांबत नाय." रूममेट डोळे मिटून बोलणी खात होता आणि त्याचा चेहरा सुखाने फुलला होता.

"गाढवा, बायको आहे हे सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"रोज सांगतोय," तोही ओरडला. "आसावा, आसावा, आसावा."

त्याच्या भाषेत बायकोलाही आसावा म्हणतात आणि नवऱ्यालाही आसावाच.

माझं पित्त खवळलं. एका 'ही'च्या पायी ईदेमागून ईद गेली होती. दाऊदभाई आणि मी त्याला मधे घालून ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, "हा स्वतःच 'ही' म्हणत होता. मी काय करणार?" मी म्हटलं, "बायको की मित्र, एवढं एकदा विचारायला तुमची जीभ झडली असती?" दाऊदभाईंनी बरोबर आणलेला टू-इन-वन टेबलावर ठेवून बटण दाबलं. कारकूनही संसारी होता. कॅसेटची एक बाजू संपायच्या आत त्याने कोरा अर्ज पुढे ओढला, आणि त्या ईदेला कफीलची सही झाली.

पुठ्ठ्यांची चळत सुतळीने बांधून तो बसमध्ये चढला. "गोष्टीचा शेवट तिकडे जाऊन बघतो," म्हणाला. ईद झाली, तो परत आला नाही. तिकडेच काम मिळालं, असं कळलं. माझ्या पलंगाखाली चपलांना ऐसपैस जागा झाली, आणि ती मोकळी जागा मला बघवेना.

पुढे मी कायमचा घरी आलो. एकदा बायकोला ती धक्क्यावरची गोष्ट सांगत होतो. लाँच धक्क्याला लागली आणि मी अडलो.

"मग उतरलं कोण?" तिने विचारलं.

"तेच तर त्या शहाण्याने सांगितलं नाही. बाई की बाप्या, काही पत्ताच नाही."

ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचं माणूस उतरलं, म्हणावं. झालं."

मी परदेशी होतो तेवढी सगळी वर्षं ती शेजारणींना हेच सांगत आली होती, आमचं माणूस दम्मामला असतं. एवढा घरातला शब्द, पण त्या शुक्रवारी ऐन वेळी तो माझ्या तोंडात आला नाही. आला असता तर त्या वेड्याला आमच्या त्या बाईमाणूस खुर्चीवर बसवून सांगितला असता. आता त्याला कुठे शोधू? मला राग येतो तो एवढ्याचाच.