मशीनची माफी

"माफी माग," शेठ म्हणाला. "मशीनची. हात जोडून."

माझ्या उजव्या हाताला बँडेज होतं. आत दोन बोटं नव्हती. मी डावा तळवा बँडेजला टेकवला आणि पॉवर प्रेससमोर वाकलो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या वाट्या दाबून काढणारा लहानसा गाळा. सगळी माणसं काम थांबवून बघत होती.

तिथली रीतच आहे. प्रेसखाली ज्याचं बोट जातं, त्यानं परत आल्यावर मशीनपुढे नारळ फोडायचा, माफी मागायची. रक्त सांडलं म्हणजे मशीन रुसली म्हणे. माझ्याआधीच्यांनीही फोडलाय.

आम्ही बौद्ध. आजोबांनी महाडकडच्या गावात बौद्ध होऊन घरातला देव्हारा काढून टाकला, तेव्हापासून आमच्या घरात कुणी नारळ फोडला नव्हता. मी फोडला. कामावर परत घ्यावं म्हणून. घराण्यातला पहिला बी.कॉम.

डाव्या हातानं फुटेना. घसरायचा. सुपरवायझर म्हणाला, "ओ ग्रॅज्युएट, डिग्रीवर आपट. फुटेल."

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो, अजून कळत नाही.

बी.कॉम. होऊन प्रेसवर कसा, असं लोक विचारतात. इंटरव्ह्यू देत होतो, भाडं थांबत नव्हतं. एवढंच. गावी मात्र सांगितलं होतं, कंपनीत अकाउंट बघतोय.

नारळ फुटला. वाटलं, संपलं. तेवढ्यात सुपरवायझरनं माझ्या तोंडासमोर मोबाईल धरला.

"आता बोल. गार्ड मीच काढला, मला कुणी सांगितलं नव्हतं. बस, दोन लाइन. फिर काम पे लग जा."

गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावलेली जाळी. ती असली की माल हळू निघतो. मोठी ऑर्डर आली की सुपरवायझर स्वतः पाना घेऊन ती काढायचा. माझी बोटं गेली त्या दिवशीही त्यानंच काढली होती.

मध्ये बरेच दिवस घरी पडून होतो. पँटचं बटण आई लावायची. एवढ्या मोठ्या पोराचं. मी भिंतीकडे बघत उभा राहायचो. पण वाचता येत होतं. मोबाईलवर कामगार भरपाईचा कायदा शोधला. पहिल्यांदा डोक्यावरून गेला. परत वाचला. तोवर वाटायचं, शेठनं हॉस्पिटलचं बिल भरलं म्हणजे झालं. तसं नाही. बिल वेगळं. घरी बसलो त्या काळाचा निम्मा पगार वेगळा. आणि कायमची गेलेली बोटं वेगळी. कमावण्याची ताकद किती गेली, त्यावर ती भरपाई ठरते. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असतं तर हे तिकडून मिळालं असतं. आमचा गाळा लहान, ईएसआय नाही, म्हणून देणं मालकाचं. काम करताना आपला हात चुकला तरी हक्क जात नाही. पण दारू पिऊन असलो, किंवा आपल्या मर्जीनं गार्ड काढला, तर जाऊ शकतो.

मी शेठला फोन करून भरपाईचं विचारलं होतं. "ये, बोलू," म्हणाला होता. बोलणं म्हणजे हे. त्या दोन लाइन बोललो असतो, तर माझ्याच तोंडानं माझा हक्क गेला असता.

"बोल ना," सुपरवायझर म्हणाला. "नवरीसारखा लाजतोस काय?"

लाजतच होतो. कपाळाला नारळाचं पाणी लागलेलं. मी शेठकडे बघितलं.

"शेठ, गार्ड यांनी काढला. पान्यानं. तुमच्या ऑर्डरसाठी. हे रेकॉर्ड करा."

मोबाईल खाली गेला.

"तेरा बिल किसने भरा?" शेठ ओरडला. "एहसान भूल गया?"

"बिल भरना ही पडता है, शेठ. बाकी का भी भरना पडेगा."

"निकल."

एकानं माझा डबा आणून हातात दिला. माझ्याकडे न बघता.

बाबा बेव्हर्ली पार्कला एका सोसायटीत वॉचमन आहेत. घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. काम गेल्याचं सोडून त्यांनी एवढंच विचारलं,

"नारळ फोडलास तू?"

"हो."

ते उठले. चप्पल घातली आणि ड्युटीवर गेले. त्यांचा डबा घरीच राहिला.

भरपाई आयुक्तांकडे मी अर्ज केलाय. सुपरवायझरचा फोन येतो. "मिटव रे भावा. तुझंच नाव खराब होईल. या लाइनीत कोण ठेवेल तुला?"

कोणी ठेवत नाहीये. खरंय त्याचं. गावीही कळलं, मी कसलं अकाउंट बघत होतो ते. बाबा त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाहीत. लाज गेलेली नाही. ती गेल्यावर लढू म्हणत बसलो असतो, तर अर्जाची मुदत निघून गेली असती. तारीख लागली की मी जाणार. लाजेसकट जाणार. तिथे शेठ उभा असेल, सुपरवायझर असेल, कदाचित हसतीलही. माझं मागणं मागे घेणार नाही.