मामांच्या दोन बादल्या

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या शेजारच्या मामांइतका स्वच्छ माणूस साऱ्या मुंबईत नसेल. गिरणीत दिवसभर साचे, म्हणजे माग, चालवूनही त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याची घडी मोडत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून परतले की बसलेल्या आवाजात आधी पाणी मागायचे, चपला धुवायचे, मग चहा. पण चाळीत त्यांचं खरं नाव झालं ते संडासामुळे. बाकी सगळे टमरेल घेऊन रांगेत उभे, आणि मामा दोन भरलेल्या बादल्या घेऊन. "मामा, आंघोळपण तिथंच काय?" असं कुणीतरी विचारायचंच. मामा शांतपणे म्हणायचे, "मागसून येणाऱ्याचो इचार करूक व्हयो." रांग हसायची. मीही.

एका सकाळी नळ लवकर गेला. मामांना टमरेलभरच पाणी मिळालं, आणि त्यांच्यामागे माझा नंबर होता. आत गेलो, तर रक्त दिसलं.

बाहेर मामा थांबले होते. "मूळव्याध आसा," ते हळूच म्हणाले. "दीड वरीस झाला. मामीक सांगा नको."

ते एवढे पांढरे का पडलेत, जिना चढताना मध्येच का थांबतात, ते मला तेव्हा कळलं. मोठ्या माणसाशी मी कधी वाद घातला नव्हता, तो त्या दिवशी डॉक्टरकडे जाण्यावरून घातला. शेवटी ते म्हणाले, "तू कॉलेजात शिकतंस, तर तूच बरोबर ये." आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, पण माझं ज्ञान बेडकाच्या आतड्यापाशी संपतं, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. "मोठ्या आतड्यात गाठ आहे. अळंबीसारखी, देठावर लोंबणारी. रक्त तिचंच. काढू, आणि तपासायला पाठवू."

मामांचा थोरला भाऊ पोटातल्या गाठीनंच गेला होता. कशासाठी तपासणार, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मुंबई सोडून कायपण कापा, डॉक्टर."

गाठ काढली. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ होती. कॅन्सर नाही." मी दोनदा विचारून खात्री केली, मामांनी तिसऱ्यांदा. मग ते बाकावर बसले, पंच्याची घडी मोडली आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले.

आता मामा इतरांसारखं टमरेल घेऊनच रांगेत उभे राहतात. "मामांची पहिली शिस्त राहिली नाही," असं चाळ कुरकुरते. मामा माझ्याकडे बघतात, मी खाली बघतो. त्या बादल्यांना सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो.