पांढऱ्या पगडीतली सतकिरण

मिरजेहून निघालेली छोटी गाडी कुर्डुवाडीला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सोलापूरच्या गाडीला अजून अवकाश होता. सावली बघून मी कडुलिंबाखालच्या बाकाकडे गेले, तर तिथं आधीच दोघं होती. पांढरेशुभ्र कपडे, पांढरी पगडी, कमरेला कृपाण आणि डोळे निळे. पुरुष बाकावर आडवा पडला होता आणि बाई ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होती. पगडी तिच्याही डोक्यावर होती. पगडी बांधलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

चहावाला माझ्याकडे वळला. "बाई, तुमाला इंग्रजी येतं का? ह्यो गडी लई तापलाय. ती काय सांगतीया, आमाला उमजंना की."

मी गडहिंग्लजला शाळेत इंग्रजी शिकवते. पण खऱ्या गोऱ्या माणसाशी बोलायची वेळ कधी आली नव्हती. तरी जुळलं. ती अमेरिकन होती. नवं नाव सतकिरण कौर, नवऱ्याचं गुरुदास. तिकडे एका पंजाबी गुरुजींकडे योग शिकता शिकता दोघांनी शीख धर्म घेतला होता. गोव्याहून नांदेडला गुरुद्वाराच्या दर्शनाला निघाले आणि मिरजेपासून याला ताप भरला. लातूरची गाडी समोर उभी होती, पण त्याला उठून उभंही राहता येईना.

"माझ्याबरोबर सोलापूरला चला," मी म्हटलं. "तिथं चांगले डॉक्टर आहेत आणि माझी बहीणही आहे."

गाडीत ती मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि नाकानं भराभर श्वास सोडू लागली. पोट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं. माढ्याला चढलेल्या एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, "हिच्या अंगात आलंय व्हय?"

"नाही हो, प्राणायाम करतेय."

"मग बरं हाय," म्हणत तिनं फडक्यातली कडक भाकरी सोडली आणि वर शेंगाचटणी घालून सतकिरणच्या हातात दिली. पहिल्याच घासाला सतकिरणच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं भाकरी संपवली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. पुरता आराम, पातळ अन्न आणि काही दिवस प्रवास बंद. बहिणीचं घर दोन खोल्यांचं, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझा चेहरा उतरला. तेव्हा आम्हाला घेऊन आलेला टांगेवाला म्हणाला, "सरदारजींच्या गुरुद्वारात नेऊ की. तितं कुनाला न्हाय म्हनत न्हाईत."

ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे दोन खोल्या आणि गच्ची, एवढाच तो गुरुद्वारा. दुकानदार सुरजीतसिंग बाहेर आले आणि अस्सल सोलापुरी मराठीत म्हणाले, "आत आना त्यास्नी. खाट हाय." मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो थोडा लवकरच टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुगाची पेज घेऊन गेले. रविवार असल्यानं माणसं जमली होती आणि आतून चढे आवाज येत होते. सतकिरणनं पहाटे दरबारात (ग्रंथसाहिब ठेवतात त्या खोलीत) बसून आपला प्राणायाम आणि आसनं केली होती. ग्रंथी (ग्रंथसाहिबाचं वाचन करणारे) बाबाजी त्यामुळे संतापले होते.

सुरजीतसिंग हिंदीत तिची बाजू घेत होते. "इतक्या लांबून आली, केस राखले, गुरूचं नाव घेते. आपल्याच पोरांनी केस कापले, त्यांना आपण काही बोलतो का?"

"हिप्पी आहेत हो," एक फिटर म्हणाला. "आज पगडी, उद्या भगवी कफनी."

आमच्या घरी वडील रोज सूर्यनमस्कार घालत. योगात वाद घालण्यासारखं काय आहे, तेच मला कळेना. मी बाबाजींना तसं विचारलं. ते हिंदीत सावकाश बोलले. "तुमच्याकडे चालत असेल. आमच्या गुरूंनी जोग्यांना समोर बसवून सांगितलं, की देव नामानं आणि कष्टानं मिळतो, श्वास कोंडून नाही. ते श्वास कोंडणंच आता आमच्या धर्माच्या नावानं विकलं जातंय. हे तिला सांगा. जसं बोललो तसंच सांगा, गोड करू नका."

ती रागानं उठली, तर तापलेल्या नवऱ्याला घेऊन कुठं जाईल? पण मी शब्दशः सांगितलं.

सतकिरण म्हणाली, "मी कॉलेजात असताना नशेच्या गोळ्यांत बुडाले होते. या श्वासानं मला बाहेर काढलं. त्यानंतर गुरुजींनी गुरूंची बाणी (गुरूंची पदं) ऐकवली. मला वाटलं, दोन्ही एकच. तसं नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. पोळपाट सोडून बाबाजींच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आता नशा?" बाबाजींनी विचारलं.

"नाही."

"मग हा श्वास औषध म्हणून घे. वर गच्चीवर घे. पण त्याला शिखी (शीख धर्म) म्हणू नकोस. दरबारात फक्त बाणी."

ती म्हणाली, "दरबाराचं आजपासून मान्य. बाकीचं मला माझ्या गुरुजींना विचारावं लागेल."

बाबाजी हसले. "खोटं बोलत नाही ही."

मग तिनं शबद (भजन) गाऊ का, असं विचारलं. फिटर कुरकुरला, पण बाबाजींनी स्वतः पेटी तिच्यापुढे सरकवली. उच्चार वाकडे, सूर मात्र पक्का. एका शब्दाशी बाबाजींनी तिला थांबवलं, तो नीट म्हणवून घेतला आणि पुढे गाऊ दिलं. नंतर लंगरात (सगळ्यांच्या पंगतीत) दाल वाढायला तोच फिटर आला. तिच्याकडे न बघता त्यानं तिच्या ताटात दोन पळ्या वाढल्या.

चार-पाच दिवसांनी मी बहिणीबरोबर अक्कलकोटला जाऊन आले, तोवर गुरुदासचा ताप उतरला होता. खाटेवर बसून तो वरणभात मागत होता, आणि सतकिरण गच्चीवरून खाली येत होती. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ताकद आल्यावर सुरजीतसिंगांच्या ओळखीच्या ट्रकमधून ती दोघं नांदेडला जाणार होती. बाबाजी तिला म्हणाले, "तिथंही विचारतील. इथं दिलंस तसंच उत्तर दे."

मी गडहिंग्लजला परतले. शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारतात, ती खरी शीख का? मला ते ठरवता येत नाही. सोलापुरातही ते ठरलं नाही. बाबाजी आपल्या जागी ठाम होते आणि तीही. पण तिचं कसं होईल, हा मनावरचा भार उतरला. ते ठरायची वाट न पाहता तिथं तिचं ताट मांडलं गेलं होतं.