नाडाछडीची गाठ

चिंधाकाकांच्या उजव्या हाताचं बँडेज डॉक्टर सोमवारी सोडणार आहेत. मधली दोन बोटं राहतात की काढावी लागतात, ते तेव्हा कळेल. आज शनिवार.

मी घरी आहे. मांडीवर त्यांची कुत्री आहे. तिच्या पोटाला नऊ टाके आहेत आणि ती सारखी मान वळवून ते चाटायला बघते. मी तिची मान धरून बसते. लिहायचं तर एक हात सोडावा लागतो. म्हणून थोडं थोडं लिहिते आहे.

शेजारच्यांनी मिक्सर लावला की मी दचकते. बाबा सकाळी दारात उभे राहून म्हणाले, "एम. ए. करून कुत्र्याची मान धरायची वेळ आली." मग तेच आत गेले आणि कुत्रीसाठी दूधभात घेऊन आले.

चिंधाकाका माझे मित्र आहेत. ते सत्तेचाळीस वर्षांचे, मी पंचवीसची. त्यांचं गाव साक्री तालुक्यात. बाबा कोकणातून इथं सिल्वासाला शिक्षक म्हणून आले, माझा जन्म इथलाच. खडोलीतल्या पार्सलच्या गोदामात मी दीड वर्षापूर्वी लागले, कॉलेजात जागा निघेपर्यंत म्हणून. पार्सल स्कॅन करायचं, पिनकोड बघायचा, पुढे सोडायचं. काका तिथं फिटर आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांना नावाबद्दल विचारलं. ते हसले.

"माझ्याआधी तीन गेली. मग आईनं मला चिंधीत गुंडाळलं अन् उकिरड्यावर ठेवून परत उचललं. नाव चिंधा. चिंधीला कोण नेतंय?"

त्यांचा सगळा स्वभाव त्या गोष्टीत आहे. चांगल्या वस्तूला ते कधी चांगलं म्हणत नाहीत. नव्या सायकलला पहिल्या दिवशी काळा दोरा बांधला. पोरीला बारावीत पंच्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा सगळ्यांना सांगत होते, पास झाली कशीबशी. जे जपायचं ते बांधून ठेवायचं, असं त्यांना वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी ते धाग्याच्या कारखान्यात झाडू मारायला लागले. फिटर लोक मशीन उघडायचे तेव्हा हे शेजारी झाडू घेऊन उभे राहायचे. एक कोपरा अर्धा तास झाडायचे. दोन वर्षांत त्यांना मशीन समजलं. सही येते, पण वाचताना त्यांना ओळीखाली बोट धरावं लागतं.

गोदामात आधी सहा बायका हातानं पार्सल उचलून पोत्यांत टाकायच्या. त्यात सुरंगी गावच्या केसरबाई सगळ्यांत मोठ्या. एक दिवस त्या वाकल्या आणि सरळच झाल्या नाहीत. महिनाभर घरी पडून होत्या. काकांनी त्या महिन्यात भंगारातून सायकलच्या साखळ्या, जुने रूळ, बेअरिंगं गोळा केली. सुपरवायझर कल्पेशभाईंनी विचारलं, "चिंधाभाई, रॉकेट बनवता के शुं?"

"नाही साहेब. खेळणं आहे."

ते खेळणं असं. पार्सलं पट्ट्यावरून जातात. पट्ट्याच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर साखळी चालते, तिला खुंट्या आहेत. माझ्यापुढे पाच खटके. वापीचं पार्सल आलं की मी पहिला खटका दाबते, नाशिकचं आलं की चौथा. दाबला की साखळीवरची एक खुंटी वर येते आणि पार्सलच्या बरोबरीनं चालत जाते. नाशिकच्या पोत्यापाशी ती खुंटी एका लोखंडी हाताला धक्का देते, हात पार्सलला ढकलतो, पार्सल पोत्यात. कॅमेरा नाही, कॉम्प्युटर नाही.

"हे वाचतं कसं?" मी विचारलं होतं.

"वाचत नाही. तू वाचतेस. हे फक्त सांगितलेलं लक्षात ठेवतं. माझ्यासारखं."

केसरबाई परत आल्या तेव्हा त्यांना स्टुलावर बसून पोत्यांची तोंडं शिवायचं काम मिळालं. काकांना त्या म्हणाल्या, "चांगलं केलं रे बाबा." काका लगेच म्हणाले, "चांगलं कसलं, मोडेल दोन दिवसांत."

कुत्री कॅन्टीनमागच्या उकिरड्यावर सापडली. तिचं नाव उकिरडी. नाव का ते सांगायला नको. दसऱ्याच्या आठ दिवस आधी तिला टेम्पोनं उडवलं. जनावरांच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलं. ती दारांना धडकायची. पाणी पिता येईना, खाईना. दुसऱ्या दिवशी तिनं ते फाडलं.

काकांना गावाकडची गोष्ट आठवली. बैलाला जखम झाली की ती चाटू नये म्हणून गळ्यापासून पोटाच्या पट्ट्यापर्यंत बाजूला काठी बांधतात. मान खाली जाते, वर जाते, मागे वळत नाही. केसरबाईंनी सुरंगीहून बांबू आणून दिला. काकांनी तो चिरून तासला. सायकलच्या ट्यूबचे पट्टे केले. दोन्ही टोकांना छोटी बिजागरी बसवली, म्हणजे तिला बसता-उठता यावं. बिजागरीला एक खिळा. तो ओढला की सगळं सुटतं.

उकिरडी त्याच संध्याकाळी जेवली. डॉक्टरांनी काठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, आणखी दोन करून द्या, एक मांजराच्या मापाची. काका मला म्हणाले, "मांजराची कंबर कुठं असते गं? लिहिलंय का तुझ्या पुस्तकांत?"

घरी त्यांची एकच खोली. ममताकाकू धाग्याच्या कारखान्यात पाळीला जातात, पोरगी कॉलेजला. कुत्रीकडे बघायला कोणी नाही. म्हणून ते तिला गोदामात आणायचे. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर ती पडून असायची.

गुरुवारी दसरा होता.

सकाळी पट्टा बंद करून पुसला. काकांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. झेंडूची माळ मोटरला, खटक्यांना, पोत्यांच्या चौकटीला. मग त्यांनी नाडाछडीचा, पूजेच्या दोऱ्याचा, लाल-पिवळा गुंडा काढला. प्रत्येक खटक्याला दोरा बांधला. प्रत्येक लोखंडी हाताला बांधला. पट्ट्याच्या वर एक दोरी ताणलेली आहे. ती कुठूनही ओढली की पलीकडच्या खांबावरचं बटण पडतं आणि पट्टा थांबतो. ती दोरी मधे एका कडीतून जाते. त्या कडीला त्यांनी देवीचा फोटो टांगला, आणि कडी अन् दोरी मिळून नाडाछडी गुंडाळली. सात वेढे. दात लावून गाठ आवळली.

मी बघत होते. मला काही खटकलं नाही. त्यांनाही नाही. त्या दिवशी मशीन चालणारच नव्हतं. ते विश्रांतीला बसलेलं असतं. बांधलेला दोरा दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी सोडत नाही.

उकिरडीलाही त्यांनी झेंडूची माळ घातली. कपाळाला कुंकू लावलं. केसरबाई म्हणाल्या, "सून आणली का रे?" सगळे हसले. मग आपट्याची पानं आणि पेढे घ्यायला आम्ही दोघं सोडून सगळे अंगणात गेले.

अकराच्या सुमाराला कल्पेशभाई आले. "पूजा थई गई ने? मग चालू करा. दिवाळीचा माल पडलाय."

"आजचा दिवस राहू द्या साहेब. बसलंय ते."

"मशीन बसेल. साडेचारची गाडी नाही बसणार. बे कलाक, दोन तास फक्त. मशीन बसवून ठेवून पगार देऊ काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोरे तसेच राहू द्या मग. हार काढू नका." कल्पेशभाईंनी पलीकडे पॅनेलवर बटण दाबलं आणि फोनवर बोलत बाहेर गेले. मी माझ्या जागेवर बसले. काका तेलाचा डबा घेऊन माझ्याकडे येत होते.

उकिरडी पट्ट्याखाली सावलीला जाऊन बसली होती. आम्हाला माहीत नव्हतं.

आधी ती ओरडली. मग दिसली. काठीचं टोक साखळीच्या खुंटीत अडकलं होतं आणि साखळी तिला ओढत नेत होती. पट्ट्याच्या शेवटी चाक आहे, साखळी तिथं खाली आत जाते. चार माणसांच्या लांबीवर ते चाक होतं. साखळी माणसाच्या चालीनं चालते. ती पाय रोवत होती आणि नखं फरशीवर वाजत होती.

"दोरी ओढ!" काका ओरडले. डबा टाकून ते पळाले.

मी ओढली. दोरी बोटभर आली आणि कडीपाशीच्या गाठीत अडकली. मी लटकले. कडी हलली, देवीचा फोटो हलला, पट्टा चालत राहिला.

मी कडीपाशी धावले. खिशात पार्सल कापायचा कटर होता. मी तो काढला. पातं बाहेर आलं. नाडाछडीवर कुंकवाचं बोट होतं. माझा हात वर गेला नाही.

किती वेळ, मला सांगता येत नाही. मी देवाचं फार करणारी नाही. तरी दोरा कापवेना. त्यांना तो बांधताना मी बघितलं होतं, तेवढ्यामुळे.

काका उकिरडीच्या बाजूनं वाकून चालत होते आणि बिजागरीचा खिळा शोधत होते. ती घाबरून त्यांच्या मनगटाला चावली. त्यांनी हात काढला नाही. चाक जवळ आलं. खिळा निघाला. ती सुटून पलीकडे पडली. काठी कडकड मोडत आत गेली.

मग काका ओरडले. "आय वो!" एवढंच.

तेव्हा मी कापलं. दोरी सैल झाली, मी ओढली, पट्टा थांबला. फार शांत झालं. अंगणातून लोकांचं हसणं ऐकू आलं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

काका चाकापाशी गुडघ्यावर बसले होते. हात आतच होता. माझ्याकडे बघून गावाकडच्या बोलीत म्हणाले, "कसाले भियास वं, पोरी? मशीन उलटं फिरव. हातानं. हळू."

मी फिरवलं. चाक हातानं फिरवताना ते पुढच्या दिशेला फिरलं तर, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी डाव्या हातानं दिशा दाखवली. मी डोळे मिटले नाहीत. त्या एका गोष्टीचं मला बरं वाटतं.

दवाखान्यात ममताकाकू आल्या त्या कामाच्या कपड्यांतच. केसांत धाग्याचा कापूस होता. त्यांनी हात पाहिला, मग नवऱ्याला म्हणाल्या, "सगळ्या जगाला बांधता. स्वतःच्या हाताला एक दोरा नाही बांधला?" आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कटरचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सगळे मला म्हणतात, मृणाल, तुझ्यामुळे हात वाचला.

आज सोमवार.

डॉक्टरांनी बँडेज सोडलं. मी दाराशी उभी होते. आतलं कापड चिकटलं होतं, ते पाण्यानं भिजवत होते. काका छताकडे बघत होते. डॉक्टरांनी एका बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. दुसऱ्याला टोचली. आला नाही.

"मधलं राहील," डॉक्टर म्हणाले. "शेजारचं काढावं लागेल."

काकांनी विचारलं, "पाना धरता येईल?"

"सवय करावी लागेल. पण येईल."

डॉक्टर गेल्यावर मी काकांना सांगितलं. कटर हातात होता. पातं बाहेर होतं. मी उभी राहिले. सगळं सांगितलं.

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ओढत होतं, त्याची चाकं वाजत होती. आम्ही दोघंही ते जाईपर्यंत थांबलो.

"गाठ मी बांधली," ते म्हणाले. "दात लावून. मशीन चालू करतानाही मीच म्हणालो, दोरे राहू द्या. तुझं काय त्यात?" मग माझ्याकडे वळले. "पण उशीर केलास, हे खरं आहे."

"हो."

"पुढच्या खेपेला आधी कटर. देवाची माफी नंतर मागता येते."

मी मान हलवली. ते उशीवर थोडे वर सरकले. "उकिरडी टाके चाटते का?"

"मी मान धरून बसते. आत्ता बाबा धरून बसलेत."

"गुरुजी?" ते प्रथमच हसले. "अगं, टाके निघायला अजून पाच-सहा दिवस आहेत. गुरुजींचा हात अवघडेल. बांबू आण."

केसरबाईंनी दुपारी बांबू दिला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तो चिरत होते, काका खाटेवरून खिडकीतून सांगत होते. इतकं नको तासू. गाठीकडून धर. बिजागरी उलटी लावलीस, वेडे. शेवटी खिळा घालायचा राहिला. भोकात बोट घालून कड साफ करायची होती. लहानसं भोक, दोन लोखंडी पट्ट्यांमधलं. मला बोट आत घालवेना.

"घाल," ते म्हणाले. "ते चालत नाहीये. कोणी चालू करणार नाही. मी बघतोय."

मी घातलं. कड साफ केली आणि खिळा बसवला.

संध्याकाळी घरी येऊन उकिरडीला काठी बांधली. काठी वाकडी झाली आहे. उकिरडीनं मान मागे वळवून पाहिली, वळली नाही. पुन्हा पाहिली. मग ती वाटीतलं पाणी प्यायली आणि पायांवर डोकं ठेवून पडली. बाबांनी हात झटकले आणि काठी न्याहाळली.

"काही खास नाही," मी म्हणाले. "मोडेल दोन दिवसांत."