पडद्यातलं जनावर

पेडण्याच्या बाजारातल्या त्या शिंपीकाकांची बडबड कधी थांबत नसे. मशीन चालू असलं तरी ते गिऱ्हाइकाशी, नाहीतर हातातल्या कापडाशी बोलत असत. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही झोपायची सोय करून घेतली होती. पावसाळाभर ती माडाखाली उभी राहिली आणि पडदे कुजले, म्हणून नव्या पडद्यांचं माप घ्यायला मी काकांना घरी बोलावलं.

मागच्या बाकावर माझी लहान मुलगी झोपली होती. तिच्या डोक्यावरच्या खिडकीशी वाकून काका तेरेखोलच्या फेरीबोटीतली काहीतरी गंमत सांगत होते, ते एकदम गप्प झाले. मी वळून पाहिलं. त्यांनी जुन्या पडद्याच्या चुण्या दोन्ही हातांनी आवळून धरल्या होत्या आणि मुठींखालून सापाची काळसर शेपटी हलत होती.

"बाय, चेडवाक उचल," ते अगदी हळू म्हणाले. "धावू नको."

मी मुलीला अलगद उचललं आणि पाय न वाजवता खाली उतरले. आम्ही अंगणात पोचल्यावर काकांनी हिसका देऊन दांडीसकट पडदा काढला आणि तसाच आवळून कुंपणापलीकडे नेऊन फेकला. मग ते पायरीवर बसले. पाण्याचा तांब्या त्यांना तोंडाशी नेता येईना, तो मीच धरला.

आठवड्याने ते नवे पडदे घेऊन आले, पण व्हॅनमध्ये काही शिरले नाहीत. खिडकीतूनच पडदे माझ्या हातात देत म्हणाले, "तूंच लाय, बाय. माका भंय दिसता."