मेणातलं बोट

आई मेणावर कुंकू लावायची. लाकडी डबीत सातपुड्यातल्या मधमाश्यांचं मेण असायचं. रोज सकाळी त्यात बोट फिरवून ती कपाळावर मेणाचा गोल काढायची आणि त्यावर कुंकू. वर्षानुवर्षं तेच बोट फिरून मेणात खळगा पडला होता. ती थंडीत गेली. शेवटच्या वेळी बोट नुसतंच दाबलं गेलं असावं, कारण खळग्याच्या तळाशी त्वचेच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

चैत्र लागला आणि धरणगावच्या उन्हात मेण सैल पडू लागलं. डबी मी फ्रिजमध्ये ठेवली, तर आबा, माझे वडील, ती काढून मेणाची वडी हातात धरून बसत. मेणाला उन्हाइतकाच त्यांचा तळहात लागत होता.

मेणाच्या जागी धातू ओतायची रीत मी वाचली होती. मेणावर मातीचा साचा चढवायचा, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं, पोकळीत पितळ ओतायचं. आधी मेणबत्तीच्या मेणाचे चिंचेचे आकडे करून पाहिले. साचा गार होता तेव्हा पितळ अर्ध्या वाटेतच थिजलं. पुढे एकदा मात्र सालीवरची शीर न् शीर उतरली. मी अंगणात तशीच बसून राहिले.

आईच्या मेणाचंही तसंच करू का, असं आबांना विचारलं. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "यामा तिनं बोट शे, माय. हाई वितळी गयं ते मंग?"

यातलं तिचं बोट वितळून जाण्याची जोखीम मलाही नको होती. डबी परत फ्रिजमध्ये गेली. काही दिवसांनी त्यांनीच ती माझ्यापुढे आणून ठेवली. खळग्याच्या एका बाजूच्या रेषा गेल्या होत्या. तिथं त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

वस्त्रगाळ मातीचा पातळ लेप मी कुंचल्यानं खळग्यात उतरवला, वरून कापूस कालवलेली जाड माती. धातू आत जायला मेणाचीच एक वात लावली होती, तिचं टोक उघडं ठेवलं. लिंपता लिंपता लक्षात आलं, की आत, अंधारात, आता आईच्या बोटाचं टोक उभं आहे. मातीचं. 

साचा सावलीत वाळवून शेगडीत तापवला तेव्हा अंगणभर मधाचा वास सुटला. आबा पाठ फिरवून बसले. मग आईचा गळका पितळी तांब्या तोडून मुशीत वितळवला आणि लालसर तापलेल्या साच्यात ओतला. इतका तेजस्वी पदार्थ इतक्या गुपचूप आत जातो, याचं मला अजून नवल वाटतं.

साचा फोडला. खळग्यात अडकलेली माती सुईनं हलकेच काढली. मातीचं बोट भुरभुरत गळून पडलं आणि खाली पितळात रेषा होत्या, वळणासकट. बाजूला आबांचा अंगठाही होता.

आबांनी तुकडा उचलला, खळग्यात बोट ठेवलं.

"आजून ऊन शे," ते म्हणाले, आणि मूठ मिटून घेतली.