मुखवटा कोणी पाहिला?

वाईच्या बाजूच्या एका गावातून देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला, ती घटना आज निवृत्त होऊन कचेरीसमोर अर्ज लिहावयास बसल्यावरही माझ्या मनातून जात नाही. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. परंतु जबाब कसा घ्यावा आणि कसा लिहावा, हे मला कोणी शिकवावे अशी वेळ पोलीस खात्यात कधी आली नाही.

लढाईचे दिवस होते आणि जत्रा जवळ आली होती. गावच्या पाटलांनी ठाण्यावर वर्दी दिली की मुखवटा चोरीस गेला असून चोरही सापडला आहे. चोर म्हणजे साताऱ्याचा एक म्हातारा कल्हईवाला. दरसाल जत्रेपूर्वी तो देवळाच्या आवारात भट्टी मांडून घरोघरच्या भांड्यांना कल्हई करीत असे. मी जातीने गेलो, तेव्हा लोकांनी त्याला चावडीच्या खांबाला बांधले होते. ओठ फुटला होता.

"लय जणांनी बघितलंय, जमादारसाहेब," पाटील म्हणाले. "कशाला कागद खराब करताय? न्या ह्याला."

इतके साक्षीदार इतक्या लवकर मिळाले की मला संशय येतो. ज्यांनी खरोखर पाहिले ती माणसे तपशिलावरून आपसांत भांडतात. येथे सर्वांचे वाक्य एकच: गाठोड्यात चांदीगत चकाकत हुतं. मी एकेकाला निराळे बोलावून विचारले, "पाहिलेस की ऐकलेस?"

"बघितलं म्हंजे... त्यो म्हनला तसं."

"तो कोण?"

"आवं, आपला गुरव."

प्रत्येक जबाब गुरवापाशीच जाऊन थांबला. गाठोडे मी स्वतः सोडले. ताजी कल्हई केलेली परात उन्हात अशी चमकली की पाटलांनी डोळ्यांवर हात धरला.

"पाटलीनबाईंचीच हाय," खांबाजवळून म्हातारा म्हणाला. "पोचती करा, न्हाईतर ती बी माज्याच नावावर पडंल."

गुरव मात्र ठाम होता. "परवा दुपारी ह्यानं कोनाड्यातला मुखवटा काढला नि फडक्यात गुंडाळला. माज्या डोळ्यांनी बघितलं."

मी देवळात जाऊन आलो. कोनाडा गाभाऱ्याच्या आतल्या अंगाला होता. उंबऱ्याबाहेरून नुसती समई दिसत होती. परतलो तो गुरव टोपी काढून घाम पुशीत होता. डोके नुकतेच भादरलेले. चौकशी करता पाटील म्हणाले की त्याचा चुलता वारला होता, सुतक कालच फिटले आणि तोवर पूजेला शेजारगावचा त्याचा मेव्हणा होता.

सर्व गावासमोर मी गुरवाला विचारले, "परवा दुपारी तू गाभाऱ्यात होतास?"

"न्हाई, न्हाई! सुतक हुतं, साहेब. पायरी बी चढलो न्हाई."

"मग आतल्या कोनाड्यातले तुला कोठून दिसले?"

पाटील उठून उभे राहिले. "आरं, सुतकात देवीम्होरं गेलास?"

चोरीपेक्षा गावाला हेच अधिक झोंबले. गुरवाने हातातली टोपी पाटलांच्या पायाशी ठेवली आणि सारे कबूल केले. मेव्हण्याची पूजा लोकांना आवडू लागली होती. जत्रेचा मानही त्यालाच देतील या भीतीने, मेव्हण्यावर ठपका यावा म्हणून, त्याने मुखवटा उचलला होता. लोकांनी मात्र परक्या कल्हईवाल्याचे नाव घेतले, आणि याने आपण पाहिले असे सांगून टाकले. मुखवटा त्याच्याच घरी ज्वारीच्या कणगीत पंचांसमक्ष मिळाला.

दोर सोडताना पाटील म्हणाले, "चाचा, झालं ते झालं. ऱ्हायलेली भांडी उरकून टाका."

म्हातारा मनगटे चोळीत होता. "उरकतो की. पर भट्टी आता तुमच्या दारात मांडनार. समद्यांनी डोळ्यांनी बघावं."

आजही अर्जदार समोर बसला की टाक दौतीत बुडवण्यापूर्वी मी विचारतो, पाहिलेत की ऐकलेत? ऐकले असेल तर कोणाकडून, आणि तो त्या वेळी कोठे उभा होता? पुष्कळ जण चिडून पलीकडच्या लिंबाखालच्या अर्जनवीसाकडे जातात. तो काही विचारीत नाही. सांगतील ते सुंदर अक्षरात लिहून देतो. त्याच्यापुढे गर्दी असते. ती पाहिली की मला चावडीचा तो खांब आठवतो.